शिंपला, चांदी आणि ओव्हनमधला जेड

अर्धपारदर्शक पॉलिमर क्लेची वडी वेष्टनातून काढली की मेणासारखी दुधट दिसते. कारागीर ती तळहातावर मळते, हिरव्या क्लेचा मोहरीएवढा गोळा तिच्यात मुरवते, मिऱ्याची भरड चिमूटभर घालते आणि मणी वळून ओव्हनमध्ये ठेवते. क्लेच्या जातीप्रमाणे तापमान साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअस. आच वाढली की मणी पिवळा पडतो. गरमागरम मणी बर्फाच्या पाण्यात टाकला की नितळपणा वाढतो. मग ओल्या पॉलिशपेपरने घासायचा, जीन्सच्या तुकड्यावर चोळायचा. दिव्यासमोर धरला तर उजेड आत शिरतो आणि हिरवा होऊन रेंगाळतो. थेट जेड!

म्हणजे खोटा?

नावापासूनच घोळ आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचं सारं कळलं, बाकी नुसती नावं. इथे नाव मातीचं आणि गोळा पीव्हीसीचा, मऊपणासाठी प्लॅस्टिसायझर घातलेला.

अशा फसगतीवर भारतीय दार्शनिक शतकानुशतकं भांडले, ते शिंपल्यावरून. शिंपला चमकतो, माणसाला चांदी दिसते. नैयायिक म्हणतात, चांदी खरीच, फक्त इथली नव्हे. पेढीवर पाहिलेली इथे भासली. त्या हिशेबाने जेडही खरा आहे, पण म्यानमारच्या डोंगरात. प्राभाकर मीमांसक म्हणतात, चुकीचं ज्ञान असं काही नसतंच. समोरचं दिसणं आणि मागचं आठवणं यांतला फरक तेवढा निसटला. अद्वैती त्या चांदीला सत् म्हणत नाहीत, असत्‌ही म्हणत नाहीत. शिंपला ओळखला की तिचा बाध होतो.

तिन्ही मतांत शिंपला बिचारा निर्दोष. चांदीसारखं दिसायचं त्याच्या मनातही नव्हतं. मणी मात्र जेडसारखा दिसावा म्हणूनच घडवलेला. अमेरिकी कलावंत टोरी ह्यूज यांनी पॉलिमर क्लेतून जेड, अंबर, पिरोजा, हस्तिदंत असे आभास घडवायच्या रीती रुळवल्या. हस्तिदंताचं उदाहरण तर विचारात पाडणारं आहे. आफ्रिकी हत्तींच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं 1989 साली ठरलं. क्लेच्या ‘हस्तिदंता’साठी एकही हत्ती मारावा लागत नाही. तेव्हा खोटेपणा शोधायचा तर मण्यासोबतच्या चिठ्ठीत शोधावा. तिच्यावर ‘जेड’ लिहिलं तर ती लबाडी. ‘पॉलिमर क्ले’ लिहिलं तर कसब.

शिंपल्याच्या दृष्टांतात सत्य कळलं की हात मागे येतो. प्रदर्शनातल्या टेबलापाशी उलटंच घडतं. गिऱ्हाईक मणी उचलतं आणि चमकतं, कारण जेड हाताला गार आणि जड लागतो. हा उबदार आणि हलका.

“दगड नाही हा?”

“नाही हो ताई, क्ले आहे. घरीच बेक केलाय.”

ताई तो पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरतात, मघापेक्षा जास्त वेळ, आणि याच्या जोडीचा दुसरा आहे का ते विचारतात.