सहीविना कबुली

अमेरिकेत दिवाणी जप्तीचा दावा माणसावर नव्हे, तर त्याच्या घरावर, गाडीवर वा पैशांवर चालतो. तुरुंगवासासाठी गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. जप्तीसाठी मात्र, २००० सालच्या संघीय सुधारणेनंतरही, पुराव्याचे पारडे किंचित झुकले तरी पुरते. तेथे पोलिसांनी लिहिलेला, पण आरोपीची सही नसलेला कबुलीजबाब पुढे आला तर?

सही म्हणजे सत्य नव्हे. नाबोथाचा द्राक्षमळा बळकावण्यासाठी ईजबेलने धाडलेल्या पत्रांवर राजमुद्रा होतीच! आणि सही नाकारणारा निर्दोष असेलच, असेही नाही. तथापि, सही ही ‘हे शब्द माझे आहेत’ अशी स्वेच्छेची ग्वाही असते. प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्तापी स्वमुखाने बोलतो. धर्मगुरू त्याच्या वतीने पाप लिहीत नाही.

जप्ती हीदेखील एक शिक्षाच होय. म्हणूनच १९६५ साली एका प्लिमथ मोटारीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा झडतीतील पुरावा जप्तीसाठीही अमान्य ठरविला. घर गेले की निरपराध लेकरेही उघड्यावर येतात. तेव्हा अन्य भक्कम पुराव्यावाचून, केवळ अशा कागदाच्या आधारे कोणाचेही छप्पर हिरावणे न्याय्य नाही. नाबोथाच्या परमेश्वराला ते कसे रुचेल?