आपले बोलणे आपण ऐकावे

अलिबागेस समुद्राकाठी एक चुंबकीय वेधशाळा आहे. वारकऱ्यांच्या मासिकात वेधशाळेचे काय काम, असे कोणी पुसेल. पण जरा थांबावे. हिचे मूळ ठाणे मुंबईस कुलाब्याला. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायच्या ठरल्या. जाणत्यांनी ओळखले, की त्या विजेने आपले लोहचुंबक डळमळणार. मग ते पृथ्वीचे सांगते की ट्रामचे, हे कळावे कसे? म्हणून १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा झाली. तिच्या बांधकामात लोखंड येऊ दिले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकदमच वेध घेतले, जुन्याचा नव्याशी मेळ बसावा म्हणून. नानाभाई मूस हे पारशी गृहस्थ त्या वेळी प्रमुख होते. केवढी ही चिंता, आणि ती एका सुईसाठी!

आमच्या अंतरात मात्र लोखंडच लोखंड.

अलिबागेजवळच्या एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. विषय अहंकाराचा. समोर एक तरुण बुवा बसलेले. आदल्या रात्री त्यांचे कीर्तन लोकांनी डोक्यावर घेतले होते. आम्ही तोंडाने सांगत होतो, ‘मीपण गेल्यावाचून देव भेटत नाही.’ आणि आत काय चालले होते? ‘पाहा म्हणावे आता, याला सुचेल का असा दृष्टांत!’ तेवढ्यात चरण विसरलो. जो अभंग तीस वर्षे गायला, त्याचाच चरण! मागच्या टाळकऱ्यांनी तो उचलून धरला म्हणून अब्रू राहिली.

रात्री ओसरीवर पडलो, झोप कुठली? मन म्हणाले, पखवाज घाईत होता. मग म्हणाले, गावकऱ्यांनी चहा उशिरा दिला. शेवटी आमच्याच अंगावर धावले, ‘नालायक आहेस, उतर गादीवरून.’ हे आम्हाला पश्चात्तापासारखे वाटले. पण नीट कान दिला तेव्हा कळले, तोही अहंकारच होता, उलटा सदरा घातलेला. पाठशाळेत गुरुजींनी शिकवले होते, घट पाहणारा घटाहून वेगळा. बाराव्या वर्षी घोकले, ते साठी उलटल्यावर ओसरीवर उपयोगी पडले! मत्सर दिसतो, त्याअर्थी पाहणारा मत्सराहून वेगळा आहे. मग त्याने मत्सराच्या तोंडाने का बोलावे?

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे, की आपणच आपले सोयरे आणि आपणच आपले वैरी. समर्थांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचले, पण हाक मारली ती भल्या माणसाला मारावी तशी. आम्ही मात्र मनाशी एकतर फौजदारासारखे बोलतो, नाहीतर भाटासारखे.

तेव्हा माउली, एवढे करून पाहावे. सायंकाळी हरिपाठ झाल्यावर एक माळ ओढायला लागतो तेवढा वेळ गप्प बसावे. आज बाजारात, शेतावर, जावेशी, सुनेशी आपण आतून काय काय बोललो, ते आठवावे. पोर चिखलात माखून आले तर आई आधी हात धरते, मग पाय धुते. तसे मनाला म्हणावे, ‘बाबा, हा मत्सर आला बरे. ये, बैस.’ त्याचे नाव घ्यावे, वाद घालू नये, आणि मग विठ्ठलाचे नाव घ्यावे. क्रम उलटा केला तर नामाखाली मत्सर तसाच झाकून राहतो. हे आम्ही स्वतःवरून सांगतो. वारीतही हेच. पंढरीला पायी जातो खरे, पण वाटभर पंगतीत कोणाला किती वाढले याची मोजदाद चालू!

कोणी म्हणेल, मन ऐकत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहा. ओहोटीला चालत जाता येते, भरतीला होडी लागते. किनाऱ्यावरचा कोळी समुद्राशी भांडत नाही, वेळ ओळखतो. रागाची भरती असताना मनाला उपदेश करायला जाऊ नये. तेव्हा नुसते पाहावे, आणि पाणी ओसरले की बोलावे.

दुसऱ्या रात्री त्या तरुण बुवांचे पुन्हा कीर्तन होते. आम्ही टाळ घेऊन त्यांच्या मागे उभे राहिलो. मन दोनदा कुजबुजले. पहिल्या वेळी आमचा टाळ चुकला. दुसऱ्या वेळी म्हणालो, ‘ऐकले रे बाबा,’ आणि पुढचा चरण उचलला.