काळजी करणे आणि काळजी घेणे

मराठीत ‘काळजी’ हा शब्द दोन क्रियापदांशी जोडला जातो. काळजी केली जाते आणि काळजी घेतली जाते. पहिलीत मनाची घालमेल असते, दुसरीत हातांचा व्यवहार. आईच्या ठायी एरवी या दोन्ही इतक्या एकजीव असतात की त्यांतील भेद ध्यानातही येत नाही. तो उघडा पडतो नवजात अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी.

अकाली जन्मलेल्या अर्भकाची फुप्फुसे अपुरी वाढलेली असतात. त्याला जगवण्यासाठी श्वसनयंत्र आणि प्राणवायू यांचा आधार द्यावा लागतो, आणि त्याच आधाराने त्या कोवळ्या फुप्फुसांना इजाही होते. या दीर्घकालीन विकाराचे वर्णन अमेरिकेतील विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली केले. अशा बाळाचा रुग्णालयातील मुक्काम कित्येकदा महिनोगणती लांबतो. प्रारंभी आईच्या वाट्याला केवळ काळजी करणे येते. ती घेणारे हात परिचारिकांचे असतात. त्या रिकामपणात अपराधभाव वाढतो. आपलीच कूस कमी पडली, असे तिला वाटते. ज्यात तिचा दोष नाही, त्याचे ओझे ती वाहत राहते.

पुढे ती शिकते. नळीवाटे दूध देणे, फुललेल्या नाकपुड्या पाहणे, श्वासागणिक आत ओढली जाणारी बरगड्यांमधली कातडी आणि ओठांवरची निळसर छटा ओळखणे. लोक याला ‘आईचे काळीज’ म्हणतात. ही स्तुती वरवर निरागस आहे. पण तिच्यामुळे जागरणांतून कमावलेले ज्ञान निसर्गाच्या खाती जमा होते. जे निसर्गदत्त मानले, त्याला श्रमाचा मान मिळत नाही आणि विसावाही देय ठरत नाही. आईची थोरवी गाणारा समाज तिच्यासाठी विभागात एक खाट ठेवायला म्हणूनच विसरतो.

संसर्गाच्या भीतीने आईला दूर ठेवण्यामागे वैद्यकाचा हेतू वाईट नव्हता. तरीही न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स यांनी १९२०च्या दशकातच आजारी अर्भकांसोबत मातांना दाखल करून घेतले. पुढे भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत कमी वजनाच्या नवजातांचा अभ्यास झाला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. जन्मानंतर लगेच त्वचेशी त्वचा लावून बाळाला उराशी धरल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आई नसेल तेव्हा कुटुंबातील दुसरी व्यक्तीही बाळाला उराशी धरत होती.

या शेवटच्या तपशिलात नैतिक प्रश्नाचे उत्तर दडले आहे. बाळ हे आईचे, म्हणून सारे तिनेच सोसावे, हा न्याय नव्हे. काळजी करणे हे एकटीचे असते. त्यात वाटेकरी मिळत नाही. काळजी घेणे मात्र वाटून घेता येते. ते वाटून न घेता तिच्या त्यागाला नमस्कार करणे, ही आपल्या कर्तव्यातून सुटण्याची सभ्य रीत ठरते.