पूर्वज कुणाचे आणि जाब कुणाला?

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, थुकेला नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या डोंगराळ मुलखात म्सिंगा ही स्थानिक पालिका आहे. 2011च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या थोडी वर होती आणि जवळजवळ सगळे झुलूभाषक. इथल्या माणसाला रस्ता हवा असेल तर तो वॉर्डाच्या नगरसेवकाला गाठतो, नळाला पाणी नसेल तर तक्रार जिल्हा पालिकेकडे जाते. पण घरासाठी जागा हवी असेल तर आधी शेजाऱ्यांची हरकत नाही ना हे पाहावे लागते, मग इंडुना, म्हणजे मुखियाचा स्थानिक प्रतिनिधी, आणि त्याच्यामार्फत इंकोसी, म्हणजे वंशपरंपरेने आलेला मुखिया. नगरसेवकाला दर पाच वर्षांनी मते मागावी लागतात, इंकोसीला नाही. मग त्याच्या अधिकाराला नैतिक आधार कोणता? नेहमीचे उत्तर असे की जमीन पूर्वजांची आहे आणि इंकोसी हा त्या परंपरेचा वारस. हे उत्तर अर्धेच खरे आहे, असे माझे म्हणणे.

झुलू श्रद्धेत मेलेला माणूस घर सोडून जात नाही. गुरांचा गोठा हे पूर्वजांशी बोलण्याचे ठिकाण. झोपडीत दारासमोरच्या मागच्या भिंतीशी त्यांची जागा राखलेली असते. बळीचे मांस आणि घरी केलेली बिअर तिथे ठेवतात. त्यामुळे घरासाठी मिळणारी जागा ही केवळ जिवंतांची सोय नसते, तिथे मेलेल्यांचाही वास असतो. ही श्रद्धा गंभीरपणे घेतली तर एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: पूर्वज प्रत्येक घराचे आहेत. इंकोसीच्या कुळाचे पूर्वज मोठे असतील, पण विधवेच्या अंगणातले पूर्वज काही त्याच्या मालकीचे होत नाहीत. तेव्हा पूर्वजांच्या नावाने मिळतो तो सांभाळण्याचा अधिकार, आणि जो सांभाळतो त्याला हिशेब द्यावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, ही परंपराच मुळात वसाहतवाल्यांनी घडवलेली आहे. आक्षेपात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्सिंगा झुलू राज्यात नव्हते. ते सीमेच्या अलीकडे, ब्रिटिशांच्या नाताल वसाहतीत होते. 1927च्या कायद्याने तर गव्हर्नर-जनरललाच सर्वोच्च मुखिया ठरवून मुखिये नेमण्याचे आणि काढण्याचे अधिकार त्याच्या हाती दिले. पुढे 1994 साली, सर्व वंशांना मताधिकार असलेल्या पहिल्या निवडणुकीच्या तोंडावर, इंगोन्यामा ट्रस्टचा कायदा झाला. प्रांतातली सुमारे 28 लाख हेक्टर जमीन ट्रस्टकडे गेली, झुलू राजा एकमेव विश्वस्त झाला आणि म्सिंगाची बरीचशी जमीनही त्यात आली. पण यातून श्रद्धा खोटी ठरत नाही. सिद्ध होते ते इतकेच की कायद्यांनी मुखियाचे तोंड फिरवले. खालच्या लोकांना उत्तर देणारा मुखिया वरच्या सरकारकडे पाहू लागला. ‘इंकोसी यिंकोसी न्गाबांतु’, लोकांमुळेच मुखिया मुखिया होतो, ही झुलू म्हण त्याआधीचे नाते सांगते.

परंपरेचे कैवारी उलट बाजूने म्हणतात की बाहेरच्या न्यायालयांनी यात पडू नये. पण ट्रस्टने लोकांच्या वहिवाटीच्या परवानग्यांच्या जागी भाडेपट्टे आणले, तेव्हा नेमके कुणाचे रक्षण झाले? बापजाद्यांच्या अंगणात राहणारा माणूस भाडेकरू झाला. जून 2021मध्ये पीटरमॅरित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने हे पट्टे बेकायदा ठरवले आणि घेतलेले भाडे परत करायला सांगितले. न्यायालयाने रूढी मोडली नाही. रूढीने राहणाऱ्यांचा हक्क भाडेकरूच्या हक्कापेक्षा भक्कम आहे, असेच त्याने ठरवले. शिवाय रूढी आतूनही बदलते. म्सिंगाच्या जमीन-रूढींवरील 2011च्या एका अभ्यासात दिसते की मुले असलेल्या अविवाहित स्त्रियांना जागा द्यावी का, यावर तिथे खुली चर्चा झाली आणि व्यवहार त्या दिशेने सरकू लागला. पूर्वजांचा कोप होईल म्हणून हे थांबवायला हवे असे नाही. मुलांना घर मिळणे हेच तर पूर्वजांना हवे, असा युक्तिवाद परंपरेच्या आतूनच करता येतो.

मग सगळे पालिकेकडेच का सोपवू नये? कारण मतपेटीलाही मर्यादा आहेत. नगरसेवक बहुतेक वेळा पक्षाचा माणूस असतो, आणि दोन शेजाऱ्यांच्या बांधाचा वाद किंवा थडग्यावरून पेटलेले भांडण पाच वर्षांनी येणाऱ्या निवडणुकीत सुटत नाही. 1998च्या कायद्याने पारंपरिक नेत्यांना पालिकेच्या सभेत बसण्याची व बोलण्याची मुभा दिली, मताचा अधिकार दिला नाही. 2003च्या कायद्याने पारंपरिक परिषदेत किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि चाळीस टक्के निवडून आलेले सदस्य असावेत, अशी अट घातली. ही व्यवस्था ओबडधोबड आहे, पण दिशा बरोबर आहे. जन्माने आलेला माणूस पंच राहू शकतो, अट एवढीच की ज्यांच्या जागेचा निवाडा तो करतो त्यांना त्याला अडवता, विचारता आणि गरज पडली तर न्यायालयात खेचता आले पाहिजे. प्रत्येक घराचे पूर्वज मानणाऱ्या श्रद्धेला ही अट परकी नाही. ती नाकारणारा मुखियाच पूर्वजांना आपल्या एकट्याच्या मालकीचे करू पाहतो.