इंजिनाचा निर्णय खलाशांसमोर घ्या

१ जूनला मासेमारी बंद होते, होड्या शाकारल्या जातात आणि वरळी, माहीम, कुलाब्याच्या कोळीवाड्यांत दरवर्षीचा प्रश्न उभा राहतो: इंजिनाचे काम काढायचे की नवे बसवायचे? नाखवा आणि मिस्त्री बसून ते ठरवतात. पैसा नाखवाचा, हुन्नर मिस्त्रीचा, मग तिसऱ्याचा संबंध काय, अशी आपली समजूत आहे. ती अन्यायाची आहे.

वाटणीच्या बोटीचा हिशेब पाहा. मासळीच्या पैशातून आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो, मग उरलेल्याचे वाटे पडतात. रिंगा झिजलेले, कॉम्प्रेशन गेलेले इंजिन तेवढ्याच पल्ल्याला जास्त डिझेल खाते आणि ते खलाशाच्या वाट्यातूनही वजा होते. इंजिन आणखी एक हंगाम रेटायचे हे मालक ठरवतो, त्याची किंमत मात्र फेरीगणिक खलाशी भरतो. भर समुद्रात ते बंद पडले, तर जीवही त्याचाच पणाला लागतो. पैसा घालणाऱ्याला जसा बोलण्याचा हक्क आहे, तसा जीव घालणाऱ्यालाही हवा.

वरळीच्या लोकांना तर हे सांगायलाच नको. क्लीव्हलँड बंदराच्या होड्यांना कोस्टल रोडच्या पुलाखालून ये-जा करावी लागते. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवण्याचा बेत होता. कोळ्यांनी १६० मागितले, झगडले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तोडगा निघाला. वाऱ्यालाटांत होडी खांबावर आदळू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या वाटेत आपल्याच होडीचे इंजिन ऐनवेळी दगा देणार असेल, तर त्या झगड्याचा उपयोग काय? सरकारकडे मागितलेली सुरक्षितता घरच्या खलाशालाही दिली पाहिजे.

म्हणून सगळ्यांनी नवे इंजिनच घ्यावे असे मी म्हणणार नाही. दुरुस्तीत कमीपणा नाही. ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट शाबूत असतील, तर लायनर-पिस्टन बदलून, व्हॉल्व्ह घासून, नोझल तपासून घेतलेले इंजिन पुन्हा अनेक हंगाम काढते. काळा धूर दिसला की लगेच इंजिन संपले असे होत नाही. नोझल खराब असेल, हवेचा फिल्टर तुंबला असेल किंवा पंखा इंजिनाला जड जात असेल, तरी तो येतो. पंखा तोच ठेवून नवे इंजिन बसवले, तर तेही धूरच ओकेल. पण खाऱ्या पाण्याने ब्लॉक आतून खाल्ला असेल, गॅस्केट बदलूनही ऑइल दुधाळ होत असेल, तर तिथे पैसे ओतणे म्हणजे खलाशांना फसवणे आहे.

याउलट शेजाऱ्याने जास्त हॉर्सपॉवर बसवली म्हणून व्यापाऱ्याकडून उचल घेणे हीसुद्धा चूक आहे. होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. त्यापलीकडे फक्त डिझेल जळते. आणि उचल घेतली की मासळीचा भाव व्यापारी ठरवतो. दारूखान्याच्या भंगारबाजारातून स्वस्तात आणलेले ट्रकचे इंजिनही मला मान्य नाही. ते खाऱ्या पाण्यासाठी घडवलेले नसते, आणि हीट एक्स्चेंजर व मरीन गिअरबॉक्स यांचा खर्च टाळण्यासाठीच ते बहुधा आणलेले असते.

यंत्राचा निर्णय मालकाचा आणि किंमत कामगाराची, ही गोष्ट लालबाग-परळच्या गिरणगावाला परकी नाही. कित्येक गिरणीमालकांनी नफा दुसरीकडे वळवला आणि जुनी यंत्रे तशीच रेटली. यंत्रांबद्दल कामगाराला कुणी विचारले नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप पगार-बोनसचा होता. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा त्याच जुनाट यंत्रांचे कारण पुढे केले गेले आणि संसार मात्र कामगारांचे मोडले. कोळीवाड्यांनी हे पुन्हा घडू देऊ नये.

त्यासाठी डिझेल, ऑइल आणि बिघाड यांची वही प्रत्येक बोटीवर असावी आणि ती खलाशाला केव्हाही पाहता यावी. विक्रीतून थोडी रक्कम मच्छीमार सोसायटीने इंजिन निधी म्हणून बाजूला काढावी, म्हणजे उचलीसाठी व्यापाऱ्याच्या दारी जावे लागणार नाही. नव्या किंवा दुरुस्त इंजिनाची चाचणी गर्दीच्या पाण्यापासून दूर, लाइफ जॅकेट घालूनच व्हावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ माणसे गेली. ते विसरता येणार नाही.

नाखवांना माझी विनंती आहे: यंदा इंजिन खोलाल तेव्हा तांडेल-खलाशांना समोर बसवा, मिस्त्रीला त्यांच्यादेखत बोलू द्या. आणि जो खलाशी म्हणेल की हे इंजिन भरवशाचे नाही, त्याला त्या फेरीला न येण्याची मुभा द्या आणि त्याचा वाटाही द्या.