साकु म्हणणारा हात

गेल्या वैशाखातील वादळात आमच्या करजगीच्या घरामागील लिंबाची एक दांडगी फांदी कोसळली. स्वयंपाकाला गॅस आहे. परंतु मातुःश्रींना स्नानाचे पाणी चुलीवरचेच लागते, त्यामुळे सरपण आमच्या घरातून हद्दपार झालेले नाही. पुण्याच्या पुतण्याने फोनवरून तोड सुचविली : "काका, बॅटरीवरचा कटर घ्या. पेट्रोल नको, धूर नको, तासाभरात फडशा!"

मोह झाला, हे कबूल करतो. श्टील या जर्मन गृहस्थाने १९२६ मध्ये विजेची साखळी-करवत काढली, तेव्हा ती धरायला दोन माणसे लागत. आता लिथियमच्या बॅटरीवरची करवत एकटा माणूस लीलया उचलतो. (पात्याचे टोक अडले तर ती उलट अंगावर उसळते, हे मात्र विकणारा शेवटी सांगतो.)

तूर्त नेहमीचा लाकूडफोड्या आला. साठी उलटलेला, कुऱ्हाड बापाच्या वेळची. दुपारपर्यंत ढीग पडला. मी म्हटले, "आलाच आहेस तर पत्र्यावर झुकलेली ती हिरवी फांदीही उतरव." त्याने वर पाहिले, कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "साकु रि, सर."

तो झाडासाठी थांबला की पाठीसाठी, हे मी विचारले नाही. पण रात्री मनात आले, यंत्र 'साकु' कधी म्हणणार? हात दमतो म्हणून झाड वाचते. न दमणारा हात आला की संयम कोठून आणायचा?

युक्तिवाद सुंदर होता, आणि अप्पलपोटाही. दुसऱ्याच्या पाठदुखीवर पोसलेला माझा संयम, त्याला सद्गुण कसा म्हणावा? बाराव्या शतकात आपल्याच कल्याणात मोळिगे मारय्या मोळ्या विकून जगला. तो पूर्वाश्रमी काश्मीरचा राजा, असे परंपरा सांगते. त्याने मोळी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. मी सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. त्याच काळातला दुसरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. एके दिवशी त्याने जास्त आणले, तर पत्नी लक्कम्माने जादा दाणे परत टाकून यायला लावले. त्या माउलीचा 'साकु' थकव्यातून आलेला नव्हता. ती पुरेसे किती, हे जाणत होती. मग दोष करवतीला कशाला द्यायचा?

प्रश्न उरला मजुरीचा. तासाभराचे काम म्हणून तासाभराचे पैसे दिले, तर यंत्राचा सगळा नफा माझ्याच पदरात पडायचा. पुतण्याला कळवले : कटर पाठव, पण तो राहील लाकूडफोड्याच्या घरी, आमच्याकडची मजुरी पूर्वीप्रमाणे ढिगावर.

म्हाताऱ्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग लिंबाकडे बोट करून त्याने विचारले, "आणि ती फांदी?"

मी म्हणालो, "इरली."