वचनभंग, संताप आणि सभागृह

दिलेले वचन मोडले गेले, तर ज्याला ते दिले होते त्याला नियम मोडण्याची मुभा मिळते काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या कोरडवाहू कापसाच्या तालुक्यात निव्वळ पुस्तकी राहत नाही. सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने, म्हणजे मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी निरनिराळ्या विभागांच्या नेत्यांनी केलेल्या लेखी समझोत्याने, विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाची व नोकऱ्यांतील वाट्याची हमी दिली होती; ती पाळली गेली नाही ही भावना या जिल्ह्यात खोल रुजली आणि वेगळ्या विदर्भ राज्याची मागणी करणारे, 'विदर्भवीर' म्हणवले गेलेले जांबुवंतराव धोटे तिचेच मुखर प्रतिनिधी ठरले.

१९६२ मध्ये यवतमाळहून विधानसभेत गेलेल्या धोट्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला, १९६४ मध्ये सभागृहाने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले आणि पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांनाच परत पाठवले. या फेरनिवडीत समर्थकांना निर्दोषत्वाचा निकाल दिसला, परंतु मतदारांपुढे प्रश्न होता तो गाऱ्हाणे कोण मांडील हा, कृत्य न्याय्य होते की नाही हा नव्हे. लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'त (१९१५) कर्माची पारख बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीवरून केली आहे, आणि ही बुद्धी सम, म्हणजे रागद्वेषाने न डळमळणारी, असावी अशी अट आहे. या कसोटीवर धोट्यांचा हेतू परार्थाचा ठरतो, पण समत्व मात्र उरत नाही. शिवाय मोडलेल्या वचनाचा जाब सत्ताधाऱ्यांना समोरासमोर विचारता येईल अशी हक्काची जागा सभागृह हीच असल्याने, तिच्या अध्यक्षावर हात उगारणारा स्वतःचाच दावा दुबळा करतो. अर्थात, कराराकडे काणाडोळा करणाऱ्या बहुमताने शिस्तीचा धडा द्यावा, हेही फारसे शोभणारे नव्हते.

तरीही पेपरवेटची गाजलेली घटना या कारकिर्दीतील सर्वांत अवघड नैतिक प्रसंग नव्हे. १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉक या पक्षातर्फे, काँग्रेसविरुद्ध, नागपूरहून लोकसभेत गेलेले धोटे १९८० मध्ये त्याच मतदारसंघातून इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून विजयी झाले. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९१९ च्या व्याख्यानात निष्ठेची नीती, म्हणजे परिणामांची पर्वा न करता तत्त्वाला धरून राहणे, आणि जबाबदारीची नीती, म्हणजे परिणामांचे उत्तरदायित्व पत्करणे, असा भेद केला होता. पक्षांतराचे समर्थन दुसऱ्या नीतीच्या आधारेच होऊ शकते, आणि तिची कसोटी फळ हीच असल्याने, ज्या पक्षाच्या सत्तेने वेगळे राज्य दिले नाही त्यात जाऊन विदर्भाच्या पदरात काय पडले, हे विचारावेच लागते. क्षणिक संतापाबद्दल क्षमा मागता येते. विचारपूर्वक केलेल्या तडजोडीचा हिशेब द्यावा लागतो. २००२ मध्ये धोट्यांनी विदर्भ जनता काँग्रेस हा स्वतंत्र पक्ष काढला, तेव्हा तो हिशेब जुळला नसल्याची एक प्रकारे कबुलीच दिली गेली, आणि २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही विदर्भ महाराष्ट्रातच होता.